आमची आगोट

२०२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. "मावशी, आज रात्री हिम पडणार म्हणून हिरवे टोमॅटोसुद्धा काढून घरात आणले." मी म्हटलं, "अगो, ही तुझी आगोट!" तिला शब्दच कळला नाही. घरातल्या इतर मुलांनाही कळणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडचे दिवस. मालवणात हिमाचं नाव नाही. उन्हाळाभर लाटेचं पाणी घालून जगवलेला परसातला मळा इथे पाऊस मारतो. मिरची, वांगी, भोपळे, कोहळे, चवळी, जे काही असेल ते मृगाच्या आत घरात आलं पाहिजे. चार सरी पडल्या की मिरची काळी पडते नि भोपळा बुडाशी कुजतो.

शब्द जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (साधारण १७१५-१६) आरमाराची छावणी कुठे करावी हे सांगताना आगोटीचाच हिशेब धरला आहे. जहाजं त्याआधी सुरक्षित बंदरात लागली पाहिजेत. आमच्या समोरचा सिंधुदुर्ग किल्ला १६६४ ते १६६७ मध्ये बांधला. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, म्हणजे पाण्याची चिंता मिटली. पण खवळलेल्या समुद्रातून धान्य नि भाजी कोण नेणार? शिबंदीची बेगमी आगोटीपूर्वीच करावी लागत असणार. पाठ्यपुस्तकात मी वर्षानुवर्षं तटबंदी नि बुरूज शिकवले. आत चार महिने काय शिजत होतं, याची एक ओळ त्यात नव्हती. जहाजांची आगोट कागदावर राहिली, चुलीची राहिली नाही.

गोव्यात याच बेगमीला पुरुमेत म्हणतात, पोर्तुगीज शब्दावरून. मे महिन्यात म्हापशाला, मडगावला पुरुमेताच्या फेऱ्या भरतात. गंमत बघा, आपण जी मिरची, लाल भोपळा, रताळं 'गावठी' म्हणून जपतो, ती मुळात अमेरिकेतली. पोर्तुगीजांमुळे आपल्या किनाऱ्यावर आली. म्हणजे भाचीच्या मिरच्या आणि माझ्या मिरच्या नात्यातल्याच!

मिठाचीही आगोट असते. मिठागरातलं मीठ पावसाआधी उचललं नाही तर वाहून जातं. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह १९३० च्या मे महिन्यात झाला. ऐन आगोटीतला महिना, घराघरांत वर्षाचं मीठ भरून ठेवण्याचा. कर त्याच मिठावर होता.

माझ्या लहानपणी, १९६० च्या आसपास, मुंबई-गोवा बोट पावसाळ्यात बंद असे. घाटातून एस.टी. होती, पण दरड कोसळली की तीही थांबे. त्यामुळे चाकरमानी आगोटीच्या आधीच्या बोटीनं परतत. आईची खरी परीक्षा तेव्हा. देठासकट काढलेले भोपळे ओटीवर मांडलेले, आणि काकांच्या पिशवीत काय द्यायचं नि घरात काय ठेवायचं, हा वाटा. मिरच्या वाळवून डब्यात, आठळ्या रेतीत, कोहळ्याचे सांडगे वर टांगलेले, सोलां बरणीत. काकांनी महिन्याला मनीऑर्डर पाठवायची, तेव्हा त्यांच्या पिशवीत कमी पडून चालणार नाही. आणि घरातला भोपळा आषाढात संपला तर? टायकळ्याची भाजी, अळू आणि पेज. आईला लिहिता येत नव्हतं. पण कुठला भोपळा कधी फोडायचा ते तिच्या डोक्यात पक्कं असे. मोठा शेवटी, डाग पडलेला आधी. श्रावणात एखादा शिल्लक राहिला की ती तो शेजारणीकडे पाठवी. का, ते मला तेव्हा कळत नसे. शेजारणीचा मुलगा मुंबईला नव्हता, म्हणजे मनीऑर्डर नव्हती.

आता बाजारात बारा महिने सगळं मिळतं, ते बरंच आहे. आईचे हाल पुन्हा नकोत. पण आगोटीची तारीख आता बेभरवशाची झालीय. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं, तेव्हा वाळवणं अंगणातच होती. २०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला! आमच्या वाडीतले रातांबे झाडाखाली चिखलात गेले. सोलां वाळवायला ऊनच मिळालं नाही.

मिरच्या मी विसाव्या तारखेलाच काढल्या होत्या, सवय म्हणून. पडवळ आणि दोडक्याच्या बिया राखेत घोळवून ठेवलेल्या होत्या, त्या पाऊस आल्याबरोबर टोकल्या. २७ ऑगस्टला चतुर्थी होती. माटवीला पडवळ घरचंच बांधलं.