अंगणवाडीच्या आहाराचा हिशेब कोणी पाहायचा?

सालेकसा-देवरीपासून अर्जुनी मोरगावपर्यंत रोवणीला निघालेली आई लेकराला अंगणवाडीत सोडून जाते. तिथला आहार कोण शिजवतं, कोण पुरवतं आणि त्याचा हिशेब कोण बघतं, यावर आपल्या देशात मोठी लढाई झाली आहे. तिची गोष्ट आज ऐकू या.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. पुढे ती गावोगावी पोचली. पण आहार किती आला, पैसा किती लागला, हे बहुतेक गावांना कळत नसे.

२००१ साली राजस्थानातून एक अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारी गोदामं धान्यानं भरलेली आणि दुष्काळी गावांत माणसं उपाशी, असं कसं, हा त्यातला सवाल होता. हाच अन्नाच्या अधिकाराचा खटला. त्यात न्यायालयाने एकामागून एक आदेश दिले. ८ मे २००२ ला सांगितलं की अन्नाच्या योजनांचं सामाजिक अंकेक्षण करण्याचा, म्हणजे हिशेब तपासण्याचा, ग्रामसभेला अधिकार आहे. ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितलं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नको. शक्यतो गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळांना काम द्या. आणि अंगणवाड्या कुठे आहेत, लाभार्थी किती, पैसा किती आला, किती खर्चला, हे सरकारने सगळ्यांसमोर मांडावं.

आदेश आपल्या बाजूचा होता. पण महाराष्ट्रात त्यातून पळवाट निघाली. लहान लेकरांना घरी नेण्यासाठी जो आहार मिळतो, त्याच्या पुरवठ्यात कागदावर महिला मंडळाचं नाव आणि मागे खासगी कंपन्या, असा प्रकार न्यायालयाच्या आयुक्तांनी २०१२ मध्ये पुढे आणला. नाव बायांचं, नफा दुसऱ्याचा!

त्यानंतर २०१६ ची निविदा आली. तिच्या अटी अशा, की गावातला साधा बचत गट दारातच अडावा. त्याविरुद्ध बचत गटच न्यायालयात गेले. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात २६ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कंत्राट रद्द केलं आणि नव्याने निविदा काढायला सांगितलं.

बहिणींनो, यातून एक गोष्ट समजते. आदेश २००४ चा, निकाल २०१९ चा. मध्ये पंधरा वर्षं गेली. तेवढ्या काळात त्या वेळची तान्ही लेकरं दहावीला पोचली. हिशेब झाकलेला राहिला, तर चांगला आदेशही लेकराच्या ताटापर्यंत पोचत नाही.

आज आपल्या हाती २००५ चा माहितीचा अधिकार आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातही सामाजिक अंकेक्षण लिहिलेलं आहे. म्हणून पुढच्या महिला सभेत तीन प्रश्न मांडा: या महिन्यात आहार किती दिवस मिळाला? पटावर लेकरं किती आणि हजर किती? पुरवठा कोणाचा? सेविकाताईंवर रागावू नका. आहार उशिरा आला तर पहिला त्रास त्यांनाच होतो. त्यांनाही सोबत घ्या, आणि मिळालेलं उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि तुमच्या गटाचं नाव कोणी पुरवठ्यासाठी मागितलं, तर सही करण्याआधी विचारा: काम कोण करणार, पैसा कोणाच्या खात्यात जाणार?