स्पिरिट स्टोव्ह : खर्च आणि सुरक्षितता

स्पिरिट स्टोव्ह हे पदभ्रमण व गिर्यारोहणात वापरले जाणारे स्वयंपाकाचे साधन. त्यात पंप किंवा झडप नसते. दुहेरी भिंतीच्या धातूच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवले की उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती काठावरील छिद्रांतून जळते. स्वीडनमधील ट्रँगिया कंपनीचा पितळी स्टोव्ह विशेष प्रसिद्ध आहे. शीतपेयाच्या रिकाम्या डब्यापासूनही असा स्टोव्ह तयार करता येत असल्याने त्याचा खर्च नगण्य ठरतो. इंधन मात्र अधिक लागते. एक किलो इथेनॉलपासून सुमारे २७ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर तेवढ्याच ब्युटेनपासून सुमारे ४६. त्यामुळे दीर्घ मोहिमेत पाठीवरील भार वाढतो.

खरा धोका पुन्हा इंधन भरताना असतो. उन्हात ज्योत जवळजवळ अदृश्य असते. स्टोव्ह विझल्याच्या समजुतीने स्पिरिट ओतल्यास बाटलीतील वाफ पेट घेऊन ज्वाळेचा झोत समोरच्यावर जातो. म्हणून झाकण ठेवून ज्योत विझवावी व स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावरच भरावा. बंद तंबूत तो पेटवू नये, कारण तेथे विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. मिथेनॉलयुक्त स्पिरिट पोटात गेल्यास अंधत्व वा मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे ते पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये.