सावलीवर वार करू नका : 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची गोष्ट

आज लढाई नाही, किल्ला नाही; आजचा विषय आहे एक जुना व्हिडिओ गेम. फौजेतून निवृत्त झालेला माणूस गेमवर काय बोलणार, असं वाटलं असेल, तर आधी माझी एक चूक ऐका.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या युनिटमध्ये नुकताच संगणक आला होता. प्लास्टिकचं कव्हर, चपला-बूट बाहेर, असा त्याचा थाट. एका संध्याकाळी आमचा हवालदार क्लार्क त्यावर गेम खेळताना मला सापडला. मी चांगलाच झापला. तो उभा राहून एवढंच म्हणाला, "साहेब, एकदा बघा तरी, हा माणूस थांबतो कसा." मी बघितलं नाही. गेम पुसायला लावला आणि जादा ड्युटी दिली.

पुढे सुट्टीवर एका नातेवाइकाकडे तोच गेम दिसला आणि क्लार्कचं म्हणणं कळलं. तोवर पडद्यावरची माणसं म्हणजे चौकोनी बाहुल्या. बटण दाबलं की सरकायच्या, सोडलं की जागीच गप्प. हा राजपुत्र मात्र धावताना एकदम थांबत नव्हता. पाय घासत, तोल सावरत थांबायचा. उडी चुकली तर कड्याला बोटांनी लटकायचा आणि अंग ओढून वर यायचा. दोन मजले खाली पडला तर जखमी, तीन मजले पडला तर खलास. ऑबस्टॅकल कोर्सवर नऊ फुटी खड्डा ओलांडणारे रिक्रूट मी वर्षानुवर्षं पाहिले होते. पाऊल कुठून उचललं, यावर उडी ठरते. पडद्यावरच्या त्या माणसाला वजन होतं.

ते आलं कुठून? जॉर्डन मेकनर हा अमेरिकन तरुण. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने 'कराटेका' हा गेम केला होता. १९८५ मध्ये त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत धावायला, उड्या मारायला, लटकायला लावलं आणि व्हिडिओ घेतला. मग टीव्हीवर एकेक चित्र थांबवून त्याचे फोटो काढले, आकृतीच्या कडा हाताने गडद केल्या आणि त्या संगणकात उतरवल्या. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. ती त्याने शोधली नाही. मॅक्स फ्लायशरने १९१५ च्या सुमारास कार्टूनपटांसाठी काढलेली ती युक्ती. तलवारबाजीसाठी १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मधल्या शेवटच्या द्वंद्वाची काही सेकंदं पुरली. संगीत वडिलांनी दिलं. घरातल्या घरात उभारलेलं हे काम चार वर्षं चाललं आणि १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने गेम बाजारात आणला.

आता खरी गंमत. गेम होता ॲपल टू या संगणकावर. आज मोबाइलमधला एक फोटो जेवढी जागा घेतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही मेमरी त्यात नव्हती. राजपुत्राच्या हालचालींनीच ती भरून गेली. सहकारी म्हणत होते, शत्रू हवा, लढाई हवी. पण दुसऱ्या माणसाची चित्रं ठेवायची कुठे? मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, किंचित सरकवून स्वतःवरच उलटी चढवली. त्यातून एक चमकती, भुतासारखी आकृती तयार झाली. मेमरी जवळजवळ लागलीच नाही, आणि गेमला त्याचा सगळ्यात मोठा शत्रू मिळाला. राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि पलीकडून त्याची सावली बाहेर पडते. पुढे ती त्याचं औषध पिऊन टाकते, दार पाडून त्याला खाली ढकलते.

शेवटी दोघं तलवारी उपसून समोरासमोर येतात. तुम्ही वार केला की रक्त तुमचंही तेवढंच कमी होतं. एकच मार्ग आहे. तलवार म्यान करायची आणि पुढे चालत जायचं. दोघं एक होतात. तीस वर्षं मला समोर शत्रू दिसला की काय करायचं, हेच शिकवलं गेलं होतं. त्या पडद्यापुढे मी कितीतरी वेळा मेलो, तेव्हा हात आवरला.

गेमला अमेरिकेत सुरुवातीला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. ॲपल टूचे दिवसच भरले होते. इतर संगणकांवर आला तेव्हा त्याचं नाव झालं, आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर होत आपल्याकडेही पसरला. मूळ प्रोग्रॅम हरवला, असंच मेकनर धरून चालला होता. २०१२ मध्ये वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचं खोकं सापडलं. जाणकारांनी तो वाचून काढला आणि मेकनरने तो सर्वांसाठी खुला केला. आज कोणीही उघडून पाहू शकतो.

त्या क्लार्कची ड्युटी मी माफ करायला हवी होती. निदान त्याच्या शेजारी पाच मिनिटं बसायला हवं होतं. पुढे माझी बदली झाली आणि ते राहून गेलं. कामाच्या वेळी खेळला, ही चूक त्याची. दाखवतोय ते बघितलं नाही, ही माझी.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.