सिमेंटचा खडा निवतो कसा?

मंडळी, लोहाराकडे कोयत्याला पाणी पाजायला तुम्ही गेलाच असाल. तापून लाल झालेले पाते तो झटकन पाण्यात बुडवतो. तेच पाते राखेत सावकाश निवू दिले, तर धार टिकत नाही. लोखंड तेच, विस्तव तोच, फरक निवण्याचा. सिमेंटचेही असेच आहे, पण हे उमगायला कारखानदारांना फार वर्षे लागली.

१८२४ साली इंग्लंडातील लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजायची व दळायची, एवढीच कृती. भाजणी मात्र बेताची असे. जास्त भाजून काचेसारखे झालेले खडे वाया गेले म्हणून टाकून देत. १८४० नंतर आयझॅक जॉन्सन या कारखान्याच्या व्यवस्थापकाने असले खडे दळून पाहिले. लवकर काही घट्ट होईना. पण काही दिवसांनी पाहतो, तो दगड! टाकाऊ समजलेला खडाच खरा माल होता.

भाजणीचे कोडे सुटले, तर निवण्याचे पुढे उभे राहिले. त्या काळच्या भट्ट्या आपल्या चुन्याच्या भट्टीसारख्या उभ्या. कोक आणि कच्चा माल यांचे थर रचायचे, पेटवायचे आणि कित्येक दिवसांनी, निवल्यावर, हातांनी उपसायचे. उपसताना कधी कधी दिसे, की चांगले भाजलेले खडे आपोआप फुटून त्यांची भुकटी झाली आहे. दळण्याचा खर्च वाचला म्हणावे, तर ही भुकटी पाण्यात कालवली तरी घट्टच होत नाही! कोळसा, मजुरी, सारे मातीमोल. आणि दोष द्यायचा कोणाला? बहुधा भट्टीवाल्यालाच.

उत्तर खड्याच्या पोटात होते. १८८७ साली फ्रान्सच्या ल शातेलिए यांनी सिमेंटच्या घटकांचा शोध घेतला. १८९७ साली स्वीडनच्या टर्नेबोम यांनी सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या स्फटिकांना अ‍ॅलाइट, बेलाइट अशी नावे दिली. दोन्ही चुना आणि सिलिका यांची संयुगे. अ‍ॅलाइटात चुन्याचे तीन वाटे, बेलाइटात दोन. पहिल्या दिवसांतले बळ अ‍ॅलाइटचे; बेलाइट सावकाश, महिनोन् महिने बळ देत राहते.

मग १९०६ साली वॉशिंग्टनमध्ये डे आणि शेफर्ड यांनी दाखवले, की बेलाइटची रूपे अनेक. सावकाश निवताना, सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या खाली, ते आपली मांडणी बदलते आणि आकाराने १० टक्क्यांच्या आसपास फुगते. दाटीने बसलेले स्फटिक असे फुगले, की खडा फुटणारच. हे नवे रूप पाण्याशी जवळजवळ बोलतच नाही. झटपट निववले तर रूप पालटायला सवडच मिळत नाही; खड्यातली थोडी भेसळही त्याला जुन्या रूपात धरून ठेवते.

अ‍ॅलाइटचीही तीच गत. सुमारे १२५० अंशांच्या खाली ते मुळात टिकाऊ नाही. तिथे रेंगाळले, तर मोडून त्याचे बेलाइट आणि मोकळा चुना होतो.

तिसरा धोका मॅग्नेशियाचा. १८८४च्या सुमारास फ्रान्समध्ये काही पूल बांधल्यानंतर थोड्याच वर्षांत तडकले. त्या सिमेंटात मॅग्नेशिया १६ टक्क्यांहून जास्त होता. गुरुजी, वर्गात खडीसाखरेचा दाखला द्या. पाक सावकाश निवला तर खडे मोठे होतात, झटकन निवला तर बारीक. मॅग्नेशियाचा मोठा स्फटिक वर्षानुवर्षे भिंतीत पडून राहतो, मग पाणी शोषून फुगतो आणि भिंत फोडतो. बारीक असेल, प्रमाणही मर्यादेत असेल, तर तेवढी इजा होत नाही.

उभ्या भट्टीत मात्र निवण्याची घाई करताच येत नव्हती. रॅन्सम यांनी १८८५ साली इंग्लंडात फिरत्या आडव्या भट्टीचे पेटंट घेतले. ती नीट चालू लागली १८९०नंतर, अमेरिकेत. तिच्यातून सुमारे १४५० अंशांना भाजलेले खडे अखंड बाहेर पडतात. १९३०नंतर ते जाळीवर पसरून खालून गार हवा सोडण्याची रीत आली. पूर्वी दिवस लागत, ते काम मिनिटांवर आले. आणि खड्यांची धग घेऊन तापलेली हवा पुन्हा भट्टीत सोडतात, त्यामुळे कोळसाही वाचतो.