जॅकार्ड माग व फलनात्मक संगणकभाषा

नक्षीसाठी ताण्यातील कोणते धागे उचलावयाचे, हे छिद्रित पुठ्ठ्यांच्या साखळीने ठरविणारी मागावरील यंत्रणा म्हणजे जॅकार्ड. झोझेफ मारी झाकार (१७५२–१८३४) या फ्रेंच कारागिराने ती १८०४ मध्ये सिद्ध केली. तत्पूर्वी बूशाँ याने १७२५ मध्ये लीआँ येथे छिद्रित कागदाचा वापर केला होता. सोलापूरच्या सुप्रसिद्ध चादरींवरील नक्षी याच यंत्रणेने विणली जात आली असून तेथील तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचा या व्यवसायात मोठा वाटा आहे.

बाण्याच्या प्रत्येक फेकीस सामान्यतः एक पुठ्ठा लागतो. छिद्रासमोरील सुई जागीच राहते व तिचा आकडा धागा वर उचलतो. छिद्र नसल्यास पुठ्ठा सुईला मागे रेटतो आणि धागा खालीच राहतो. एका आकड्यास अनेक दोऱ्या बांधल्या, की एकच आकृती चादरीच्या रुंदीत पुनःपुन्हा उमटते; दोऱ्या उलट क्रमाने बांधल्यास तिचे प्रतिबिंब मिळते. साखळीची टोके जोडल्याने लांबीतील पुनरावृत्ती साधते. म्हणजे नक्षीचा मूळ घटक पुठ्ठ्यांत, तर त्याच्या मांडणीचा नियम दोऱ्यांच्या बांधणीत असतो.

चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) यांनी आपल्या वैश्लेषिक यंत्राच्या आराखड्यात ही छिद्रित पत्रे स्वीकारली. ते यंत्र पूर्ण झाले नाही. पण आलेल्या उत्तरानुसार पुढील क्रिया बदलण्याची सोय त्यात योजिली होती. मागास ती नाही. म्हणून त्यास संगणक म्हणता येत नाही.

पुढे बहुतेक संगणकभाषा क्रमवार आदेशांच्या झाल्या. त्यांहून निराळ्या फलनात्मक भाषांत आज्ञावली ही गणितातील फलनांची रचना असते. अलोंझो चर्च यांच्या १९३० नंतरच्या दशकातील लॅम्डा कलनात या विचाराचे मूळ असून जॉन मकार्थी यांची लिस्प (१९५८) व नंतरची हॅस्केल (१९९०) या त्याच्याशी निगडित भाषा होत. आदेशप्रधान फोर्ट्रानचे जनक जॉन बॅकस यांनीही १९७७ मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केला. पीटर हेंडरसन यांनी १९८२ मध्ये एशर या चित्रकाराची गुंतागुंतीची आकृती शेजारी ठेवणे, वर ठेवणे, फिरविणे अशा मोजक्या फलनांनी वर्णिली. सोलापूरचा विणकर मागाच्या बांधणीत घटक आणि नियम यांची हीच फोड करीत आला आहे.

१९८३ मध्ये बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनीय जॅकार्ड प्रदर्शित केल्यापासून पुठ्ठ्यांची अपरिहार्यता संपली. आता आकृती संगणकात चौकटींच्या जाळीच्या रूपात साठविता येते. मात्र अशी जाळी केवळ परिणाम नोंदविते. तो कोणत्या नियमाने घडला हे तीवरून सहज उमगत नाही. जुन्या चादरींची नक्षी जतन करताना पुठ्ठ्यांबरोबर दोऱ्यांच्या बांधणीचीही नोंद होणे म्हणून अगत्याचे ठरते. फलनात्मक भाषा हे त्याचे एक समर्थ साधन असून संगणकाच्या हौशी अभ्यासकालाही हे काम साध्या संगणकावर करता येण्याजोगे आहे.