अतिआकारी पाइपांची रस्तावाहतूक

अतिआकारी पाइपांची रस्तावाहतूक : तेल, नैसर्गिक वायू, पाणी किंवा वैज्ञानिक यंत्रणांसाठी लागणारे मोठ्या व्यासाचे पोलादी पाइप बंदरावरून अथवा कारखान्यातून ट्रेलरवर लादून देशाच्या आतल्या भागात नेण्याचे काम. मापाबाहेरच्या या मालाला वाहतूकदार ‘ओडीसी’ म्हणतात. महाराष्ट्रात या कामाची खरी परीक्षा किनाऱ्यापासून दूर असलेल्या भागांत होते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार हे त्याचे बोलके उदाहरण. मुंबईपासून सरळ रेषेत मोजले तरी हे बाजारगाव चारशे किलोमीटरांहून दूर आहे आणि वाटेत सह्याद्री आडवा येतो. याच तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. तिचे दोन बाहू प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असून त्यांचा गाभा म्हणजे सुमारे सव्वा मीटर व्यासाची निर्वात नळी.

मालाचा हिशेब टनात करायची सवय असल्याने पाइपही वजनानेच अडत असेल, असा समज होतो. प्रत्यक्षात पाइपांची गाडी रुंदीने भरते. ३६ इंची, म्हणजे ९१४ मिलिमीटर व्यासाचा आणि १२.७ मिलिमीटर जाडीचा १२ मीटर लांब पाइप सुमारे ३.४ टनांचा असतो. तीस टन पेलणारा ट्रेलर वजनाच्या हिशेबाने असे आठ पाइप सहज नेईल. पण भारतीय नियमांनुसार वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर आहे आणि असे तीन पाइप शेजारी ठेवले की २.७४ मीटर होतात. म्हणजे एका थरात दोनच. वर दुसरा थर चढवता येतो. मात्र ओट्याची उंची, रस्त्यावरच्या तारा आणि पुलाखालची जागा पाहता तिसऱ्या थराचा मोह बहुधा आवरावा लागतो. चार पाइप, जेमतेम १४ टन. निम्म्याहून अधिक क्षमता रिकामीच जाते. याउलट ३० इंची तीन पाइप २.२९ मीटरमध्ये आरामात मावतात. व्यास सहा इंचांनी वाढला आणि थरातला एक पाइप गेला, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या वाहिनीसाठी दीडपट खेपा. वाहिनीचा आराखडा करणारे अभियंते व्यास ठरवताना वायूचा दाब आणि प्रवाह बघतात. ट्रेलरमालकाला विचारले, तर तो आधी हा भागाकार करून दाखवेल.

लांबीचा प्रश्न आणखी चिवट आहे. तेल-वायूच्या वाहिन्यांचे पाइप साधारण १२ मीटरचे असतात आणि चाळीस फुटी ट्रेलरचा ओटाही तेवढाच. ही जुळणी व्यवहारातून घडलेली आहे. त्याहून लांब पाइप आला की वळणे नडू लागतात. लांब गाडी वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती आत ओढली जातात. पुढचे टोक २० मीटर त्रिज्येच्या वळणावर सतत फिरत राहिले आणि मागची चाके १२ मीटर मागे असली, तर भूमितीच्या नियमाने ती ४ मीटर आत सरकतात. हेच अंतर १६ मीटर केले, तर ८ मीटर. लांबी एक तृतीयांशाने वाढते आणि आतली ओढ दुप्पट होते. प्रत्यक्ष वळण लवकर संपत असल्याने आकडे थोडे कमी भरतात, पण चौकातला पुतळा, फाट्यावरची टपरी आणि कोपऱ्यावरचा विजेचा खांब यांना तो फरक पुरत नाही. मागची चाकेही वळवता येतील असे खास ट्रेलर हा त्यावरचा उपाय. मागच्या धुऱ्यांवर स्वतंत्र माणूस बसून त्या वळवतो आणि पुढच्या चालकाशी वॉकीटॉकीवर बोलत राहतो. पवनचक्क्यांची पाती डोंगरमाथ्यावर नेणाऱ्या गाड्यांमध्येही हीच विद्या वापरतात.

पाइप बंदरावर येतात कुठून, याचे उत्तर चाळीस वर्षांत उलटे झाले आहे. नैसर्गिक वायूची हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही देशातील पहिली मोठी आंतरराज्य वाहिनी १९८०च्या दशकात टाकली गेली. तिच्यासाठी १९८४ साली गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि बांधकाम फ्रान्सच्या स्पी-कापागच्या नेतृत्वाखालील, जपानी कंपन्यांचा सहभाग असलेल्या गटाकडे होते. त्या काळी मोठ्या व्यासाच्या पाइपांसाठी परदेशाकडे पाहावे लागे. पुढे कच्छमध्ये अंजार परिसरात पाइपांचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि आता कांडला-मुंद्रा बंदरांतून भारतीय पाइप बाहेर जातात. महाराष्ट्रातील वाहिनीसाठी ट्रेलर कच्छहून निघणे हे न्हावाशेव्याहून निघण्याइतकेच संभवनीय असते. आयात माल मात्र अजूनही जहाजाच्या पोटात सुटाच येतो. इतका जाड पाइप कंटेनरमध्ये भरणे सोयीचे नसते. क्रेनने तो धक्क्यावर उतरतो, दोन्ही टोकांना टोपणे चढतात आणि ट्रेलर मिळेपर्यंत यार्डात लाकडी गुटक्यांवर पडून राहतो.

लादणे हे या कामातले सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत जास्त जोखमीचे पाऊल आहे. पाइपावर पॉलिथिलीनचे तीन पदरी आवरण असते. उघड्या साखळीने ते सोलवटते आणि तिथेच पुढे गंज धरतो. म्हणून उचलायला रुंद पट्टे किंवा टोकांत अडकवायचे मऊ आकडे, खाली रबर लावलेले ठोकळे, बाजूंना खुंट. त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. पातळ भिंतीचा, मोठ्या व्यासाचा पाइप प्रवासभर हादरत राहिला, तर ठोकळ्यावर टेकलेल्या जागी धातू थकतो आणि केसासारखी चीर सुरू होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कोहासेटजवळ ४ जुलै २००२ रोजी ३४ इंची तेलवाहिनी फुटली आणि सुमारे अडीच लाख गॅलन कच्चे तेल बाहेर आले. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने शोध घेतला. पाइप १९६७ सालचा होता, आणि कारखान्यातून नेताना तो नीट न लादल्याने जोडाच्या कडेला पडलेली थकव्याची चीर पुढे दाबाच्या चढउतारांनी वाढत गेली होती. तो प्रवास रेल्वेचा होता, पण हादऱ्यांना रूळ काय आणि सडक काय. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने रेल्वे, जहाज आणि ट्रक अशा तिन्ही प्रवासांसाठी लादण्याच्या वेगवेगळ्या शिफारशी काढल्या आहेत. त्यांतली एक बाब अगदी साधी आहे : पाइपाचा लांबट जोड ठोकळ्यावर टेकू द्यायचा नाही.

किनाऱ्याहून मराठवाड्याकडे येणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत. कल्याण–अहिल्यानगर–परभणी–वसमत–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग ६१ नकाशावर सर्वांत सरळ दिसतो; पण तो माळशेज घाटातून जातो, आणि पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. दुसरी वाट समृद्धी महामार्गाची. नागपूर ते शिर्डी हा तिचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तिच्यावरून जालन्यापर्यंत यायचे, तिथून जिंतूरमार्गे औंढ्याकडे वळायचे. ही रुंद, सपाट सडक संपल्यावर उरलेल्या थोडक्या वाटेवर खरा वेळ जातो. गावातून पुढे बांबू घेतलेला माणूस तारा उचलत चालतो, आणि गाळपाच्या दिवसांत वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांना वाट द्यावी लागते. रेल्वेचाही पर्याय आहे. पूर्णा–अकोला मार्गावर वसमत आणि हिंगोली ही स्थानके आहेत आणि १२ मीटरचा पाइप वाघिणीवर बसतो. पण तिथेही उतरवून पुन्हा ट्रेलरवर चढवणे आलेच, आणि प्रत्येक चढउतारीत आवरण सोलण्याची एक संधी वाढते.

शेवटचा किलोमीटरभर रस्ता बहुतेकदा रस्ताच नसतो. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडला की फुगून लोण्यासारखी होते. भरलेला ट्रेलर तिच्यात धुरीपर्यंत रुततो. म्हणून जूनच्या आत पाइप यार्डात आणून ठेवायचे आणि दिवाळीनंतर वाहिनीच्या पट्ट्यावर पसरायचे, असा साधारण क्रम असतो. पसरण्याच्या या कामाला ‘स्ट्रिंगिंग’ म्हणतात. हायड्रा क्रेन एकेक पाइप उतरवते आणि खाली वाळूच्या गोण्या ठेवल्या जातात. शेतकऱ्याची येण्याजाण्याची वाट मोकळी राहावी म्हणून मधूनमधून खंड सोडायचा असतो. कंत्राटदार हे विसरला, तर गाव त्याला आठवण करून देते.

गेलची मुंबई–नागपूर वायुवाहिनी हे सगळे वेगळ्या पद्धतीने सोडवते. २४ इंची ही वाहिनी बहुतांश लांबी समृद्धी महामार्गालगतच्या जेमतेम ३ मीटर रुंद पट्ट्यातून जाते. एरवी अशा कामाला याच्या कितीतरी पट रुंद पट्टा घेतात. इथे पाइप, खोदयंत्र आणि क्रेन यांना एकापाठोपाठ एक उभे राहावे लागते. पण ट्रेलरला थेट महामार्गावरून कामाशी पोचता येते, ही सोय मोठी. २४ इंची पाइप एका थरात चार बसतात, तेव्हा रुंदीचे गणितही जुळते.

पाण्याच्या वाहिन्यांचे प्रकरण निराळेच आहे. जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला पाणी आणण्यासाठी आखलेल्या नव्या योजनेतील मुख्य वाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे ३९ किलोमीटर लांब आहे. अडीच मीटरचा एक पाइप म्हणजे एक ट्रेलर, आणि त्या ट्रेलरवर मुख्यतः हवा. एवढ्या व्यासाला दूरच्या कारखान्याचा विचार परवडतच नाही. पोलादी पत्र्याची गुंडाळी किंवा पत्रे आणून जवळच पाइप वळवणे केव्हाही स्वस्त, कारण तेच पोलाद पत्र्याच्या रूपात पूर्ण वजनाने लादता येते.

कायद्याचा काच अलीकडे आवळला आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने धुरीवरील भाराची मर्यादा वाढवली आणि वाहनाचे कमाल एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर गेले. मात्र मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीने जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा दंड आला. माल गाडीच्या बाजूने, पुढून किंवा मागून बाहेर आलेला दिसला, तरी २० हजार. मापाबाहेरच्या मालाला आधी परवानगी काढावी लागते आणि तिच्यात मार्ग नमूद असतो. वाटेतला एखादा पूल कमकुवत ठरला, तर सगळा मार्ग बदलतो.

लायगो-इंडियाला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. कामाची वाटणी स्पष्ट आहे : शोधकाची मुख्य यंत्रसामग्री अमेरिकेतून येणार, तर जागा, बांधकाम आणि निर्वात यंत्रणा भारताची. म्हणजे समुद्रापलीकडून येतात ती नाजूक यंत्रे, नळ्या देशातल्याच. अमेरिकेतील दोन्ही वेधशाळांत या नळ्या फक्त ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस पोलादाच्या, सर्पिल जोडाने वळवलेल्या आणि साधारण २० मीटर लांबीच्या तुकड्यांत बनल्या. एका वेधशाळेला असे सुमारे ४०० तुकडे लागले. असा तुकडा भरतो दोन टनांच्या आसपास, म्हणजे वजनाने किरकोळ. पण लांबीने तो साध्या ट्रेलरच्या बाहेर जातो आणि पातळपणामुळे पोचा येण्याची भीती सतत असते; म्हणूनच तो बाहेरून कड्या बसवून ताठ केलेला असतो. तुकडे लहान केले, तर वाहतूक सोपी होते, पण जागेवरचे जोड वाढतात आणि प्रत्येक जोड गळतीची शक्यता घेऊन येतो. आतला दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या हिश्श्याच्या आसपास उतरवायचा असताना हा सौदा महागात पडतो. औंढ्याची जागा निवडताना जमीन शांत असणे, रेल्वे आणि अवजड वाहतुकीचे हादरे दूर असणे याला मोठे महत्त्व होते. वेधशाळा सुरू झाली की आसपासच्या ट्रेलरांची धडधड तिच्या नोंदींत गोंगाट ठरेल. तोवर मात्र तिचे पोलाद, सिमेंट आणि यंत्रे याच रस्त्यांनी येणार आहेत.