हंग्री बेंगॉल

हंग्री बेंगॉल : चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–७८) यांची बंगालच्या दुष्काळावरील सचित्र पुस्तिका (१९४३). शीर्षकाचा अर्थ ‘भुकेला बंगाल’.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनारी भागातला तांदूळ उचलला, होड्या ताब्यात घेतल्या किंवा मोडून टाकल्या. कोळ्यांची रोजी गेली, धान्याची ने-आण खुंटली. त्यातच ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मेदिनीपूर जिल्हा झोडपला. साठेबाजीने तांदूळ गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. सरकारी चौकशी आयोगाने या दुष्काळातील मृतांची संख्या १५ लाख धरली; पुढच्या अनेक अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास मानली.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या गावांतून हिंडले. सोबत कागद आणि काळी शाई. बरगड्या, खोल गेलेले डोळे, रिकामे भांडे एवढेच त्यांच्या जाड, ठाम रेषेत उरते. अनेक चित्रांसोबत चितारलेल्या व्यक्तीचे नाव, गाव किंवा धंदाही नोंदलेला आहे. पुस्तिकेचे मोल याच नोंदींत आहे. लाखांच्या आकड्यात विरून गेलेला माणूस इथे पुन्हा कुणीतरी होतो : एखाद्या गावचा, एखाद्या घरचा. भुकेने त्याचे सगळे नेले, पण या कागदावर त्याची ओळख शाबूत राहिली.

ब्रिटिश सरकारने पुस्तिका जप्त करून तिच्या प्रती नष्ट केल्या. चित्तप्रसाद यांच्या कुटुंबीयांनी जपलेल्या एका प्रतीवरून २०११ मध्ये दिल्ली आर्ट गॅलरीने तिची प्रतिकृती छापली. चित्तप्रसाद यांची दुष्काळचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकातही येत. त्याच पक्षाच्या कामात सुनील जाना यांनी दुष्काळाची छायाचित्रे टिपली. झैनुल आबेदिन आणि सोमनाथ होर यांनीही हाच दुष्काळ रेखाटला.

पुढे चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहिले. पक्षापासून ते दुरावले, गरिबांपासून नाही. लिनोलियम कोरून केलेल्या मुद्राचित्रांत त्यांनी राबणारी मुले आणली. मुलांसाठी बाहुल्यांचे खेळही केले. जात सांगणारे आडनाव टाकून ते ‘चित्तप्रसाद’ एवढेच नाव लावत. स्वतःच्या नावातून जात काढणाऱ्या या चित्रकाराने उपाशी माणसाचे नाव मात्र पुसू दिले नाही.